शेंदराखालचा थांब्या

देव्हाऱ्यात बसेल तो देव. पाषाणाचा बसला तर पाषाणाचा, पितळेचा बसला तर पितळेचा. सीमाभागातल्या येळ्ळूरच्या अक्काताईंच्या देव्हाऱ्यात मात्र पोलादाचा देव बसला होता, आणि त्याच्या पोटात एक गोळी होती.

पाहणाऱ्याला हे कळायचे नाही. वीतभर लांबीचा, एका अंगाने वाकलेला तांबडाभडक गोळा, त्यावर दोन चांदीचे डोळे चिकटवलेले. कुणाला म्हसोबा वाटे, कुणाला कुळातली कुणी देवी. घरातली माणसे त्याला ‘थांब्या’ म्हणत. खंडेनवमीला कोयते, विळे, नांगराचा फाळ धुऊन पाटावर मांडले की सर्वांच्या मधोमध थांब्या बसे. त्याच्या अंगावर तेलात खललेल्या शेंदराचा एक नवा हात फिरे. असे जवळजवळ ऐंशी हात फिरले होते. शेवटचे पन्नासएक अक्काताईंचे.

थांब्याला या घरात आणले ते त्यांच्या सासऱ्यांनी, भावकूंनी. भावकू विशी ओलांडता ओलांडता पलटणीबरोबर समुद्रापार गेले. एरिट्रिया नावाच्या मुलखात केरन म्हणून गाव आहे, त्याभोवती उघडेबोडके डोंगर आहेत. तिथे इटलीच्या फौजेशी लढाई जुंपली. एका पहाटे दगडाआडून वळताना भावकूंच्या समोर चार हातांवर एक जखमी इटालियन अधिकारी पडलेला होता. त्याने पिस्तूल रोखले आणि चाप ओढला. खट् असा आवाज झाला. गोळी सुटली नाही. अधिकाऱ्याच्या हातून पिस्तूल गळले, भावकूंनी ते उचलले, आणि पाठीवरची पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. एवढीच ती गोष्ट. भावकूंनी पडलेला घोडा अर्धवट मागे ओढून ठेवला, मॅगझीन रिकामे केले, पण नळीत अडकलेली ती एक गोळी काढली नाही. जो माझ्यासाठी थांबला त्याला मी हलवणार नाही, म्हणाले, आणि पिस्तूल लोकरी मोज्यात गुंडाळून गावी आणले.

गावाने ही गोष्ट ऐकली आणि गाव हसले. शेजारचे आण्णाप्पा तर भर चावडीवर म्हणत, “ह्या भावकूनं लढाई बगिटली न्हाय. बाजारातनं खेळणं घेऊन आलाय, आन् सांगतोय द्याव!” भावकूंचा स्वतःचा मुलगा शामू, अक्काताईंचा नवरा, त्यालासुद्धा या चेष्टेची लाज वाटे. “एकदा उघडून दावा की लोकास्नी,” असे तो बापाला म्हणायचा. भावकू मान हलवायचे. “ज्येनं वाचवलं त्येचीच परीक्षा घ्यू?”

त्यांनी उघडून दाखवले नाही. एक्क्याण्णव साली अंथरुणावरून त्यांनी मुलाला हाक मारली नाही, सुनेला मारली. “अक्काताई, माझं खरं त्येच्या पोटात हाय. त्येला मरू देऊ नको.” अक्काताईंनी त्यांचे पाय धरले आणि ‘व्हय मामंजी’ म्हटले. त्या दोन शब्दांवर पुढची तेहतीस वर्षे उभी राहिली. शामू गेला. भाताची लावणी झाली, मळणी झाली, डोक्यावर दुधाची किटली घेऊन शहरातली घरे झाली, मुलगा साईराज उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागला, सून आली. या सगळ्यात एकही खंडेनवमी चुकली नाही.

आणि त्या प्रेमानेच घात केला. शेंदराचे हात चढत गेले, तसे त्या शस्त्रावरचे अक्षर बुडाले, आकडा बुडाला, चाप कुठे आणि घोडा कुठे हेही बुडाले. कुणाला जपायचे असेल तर त्याचे नाव झाकू नये, हे त्या माउलीला कोण सांगणार? ती तर देवाला वस्त्र चढवत होती.

यंदाच्या खंडेनवमीला सून दिपालीने पूजेचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिले, ‘आमचा थांब्या. आजोबांनी युद्धातून आणलेलं पिस्तूल.’ भाबडेपणाने लिहिले, अभिमानाने लिहिले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दाराशी पोलिसांची जीप उभी राहिली.

जीपमधून उतरलेल्या उपनिरीक्षक बाईंचे नाव सौम्या. वय तिशीचे, बोलणे कन्नड वळणाचे मराठी, आवाज शांत. त्यांच्यामागे दोन शिपाई होते.

“नोड्री, बघा अज्जी,” त्या म्हणाल्या, “लायसन नसताना हत्यार ठेवणं गुन्हा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, मी मानते. पण मला ते घेऊन जायला पाहिजे.”

“घ्यून काय करनार, बाई?”

“पंचनामा करायचा. मग कोर्ट सांगेल. नंबर असेल, लढाईतलं आहे असं ठरलं, तर पलटणीच्या संग्रहालयाला कळवता येतं. पण हे असं?” त्यांनी त्या तांबड्या गोळ्याकडे पाहिले. “नंबर नाही म्हणजे गावठी. गावठी सगळी शेवटी भट्टीत जातात.”

साईराज दारात उभा होता. रोज वितळलेले लोखंड साच्यात ओतणारा माणूस तो, भट्टी म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होते. त्याचा चेहरा उतरला.

एक शिपाई देव्हाऱ्याकडे वाकला, हात पुढे केला.

“हात लावू नगंस, बाळा,” अक्काताई म्हणाल्या. “त्येच्या पोटात एक हाय.”

शिपायाचा हात हवेतच राहिला. मग तो मागे आला, आणि त्याच्याबरोबर सगळे घर दोन पावले मागे आले.

सौम्याबाईंनी अंगणात जाऊन फोन केला. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. बॉम्बशोधक पथक निघणार होते, चार वाजेपर्यंत पोचणार होते. जिवंत गोळी अडकलेले, गंजलेले, न उघडणारे हत्यार ते ठाण्यावर नेत नाहीत. जवळच्या माळावर खड्डा काढतात, वाळूची पोती रचतात, आणि हत्यार तिथेच उडवून देतात.

“उडवून?” अक्काताईंनी विचारले.

“काही राहत नाही, अज्जी.”

अक्काताई देव्हाऱ्यासमोर बसल्या. मनात एकच वाक्य घुमत होते, त्येला मरू देऊ नको, त्येला मरू देऊ नको. देवापुढे बसून देवासाठीच गाऱ्हाणे घालावे, अशी वेळ कुणावर येऊ नये.

शेजारचा भरमू तोवर अंगणात आला होता. हा त्याच आण्णाप्पांचा मुलगा, साठीचा, जिभेने बापासारखाच. पंच म्हणून शिपायांनी त्यालाच बोलावले होते. “अक्काताई,” तो म्हणाला, “कशापायी जिवाला घोर? आमच्या बानं म्हटलंच हुतं, खेळणं हाय म्हनून. फुटलं तर टिकली वाजंल.”

“भरमू, तू जरा गप बस रं.”

“बसतो की. मला काय, सही करायला बोलावलंय.”

साईराजला एक माणूस आठवला. फौंड्रीतल्या सोबत्याचे सासरे मारुतीराव. निपाणीला राहतात, पलटणीत तीस वर्षे आर्मरर होते, म्हणजे बंदुकांचे वैद्य. त्याने फोन लावला. मारुतीरावांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, “कोणी हलवलं न्हाय न्हवं? हलवू नका. आलोच.” महामार्गावरून जावयाच्या गाडीने ते पावणेबाराला पोचले. सत्तरी उलटलेला ताठ म्हातारा, काखेत कापडी पिशवी, पिशवीत भिंग, चिमटे, चामड्याच्या पट्ट्या आणि एक छोटी छिन्नी.

सौम्याबाईंनी आधी त्यांची कागदपत्रे पाहिली, मग वरिष्ठांशी बोलल्या, मग म्हणाल्या, “पथक येईपर्यंत तुम्ही बघू शकता. माझ्यासमोर. काही वावगं वाटलं तर लगेच थांबायचं.”

मारुतीरावांनी साईराजकडून नव्या भाताची बारा पोती आणवली, भिंतीसारखी रचली. मग थांब्याला दोन तळव्यांवर असे उचलले, जसे झोपलेले लेकरू उचलावे, आणि पोत्यांकडे तोंड करून परातीत वाळूवर ठेवले. कुठल्या बाजूला तोंड हे मात्र अक्काताईंनी सांगितले. त्या गोळ्यात तोंड कुठे आणि मूठ कुठे हे त्यांच्याशिवाय त्या घरात कुणालाच माहीत नव्हते.

“एकदा घोड्याची ठोकर खाल्लेली गोळी,” मारुतीराव सौम्याबाईंना म्हणाले, “लई वाईट. ती मेलेली नसती, रुसलेली असती. कवा मनावर घेईल सांगता येत न्हाय.” आणि त्यांनी छिन्नी काढली.

“ती न्हाय,” अक्काताई म्हणाल्या.

“ताई, हे कवच फोडल्याबिगर मला आतलं दिसायचं कसं?”

“फोडायचं न्हाय. पुसायचं.”

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्या माहेरच्या जांबोटीच्या. पावसाचे, रानाचे, पायवाटांचे ते गाव. तिथल्या देवाच्या सेवेची पाळी घरोघर फिरे, आणि त्या नऊ वर्षांच्या असताना पाळी त्यांच्या घरी होती. देवाच्या अंगावर शेंदराचे कवच वाढले होते. वडिलांनी गोडेतेल कोमट केले, जुन्या धोतराची पट्टी भिजवून देवाला गुंडाळली, आणि वाट पाहत बसले. पोरीने विचारले, ‘आप्पा, ओरबाडू का?’ तेव्हा वडील म्हणाले होते, ‘देवाला सोलायचं न्हाय गं. त्येला पुसायचं. त्यो आपलं आपण सोडतो.’ संध्याकाळी कवच सालीसारखे सुटून आले होते.

ते सगळे त्यांनी चार वाक्यांत सांगितले. मारुतीरावांनी छिन्नी पिशवीत ठेवली. म्हणाले, “मॅडम, छिन्नीचा दणका त्या गोळीला बसला तर काय हुईल मी सांगू शकत न्हाय. तेलानं दणका बसत न्हाय. आन् ह्यांच्या हाताला याची नस-नस ठावकी हाय. मी शेजारीच बसतो.”

“अज्जीला काही झालं तर?”

“मी लिहून देते,” अक्काताई म्हणाल्या. “अंगठा न्हाय, सही करते. मराठीत.”

सौम्याबाईंनी तिथेच तसे लिहून सही घेतली. मग सगळ्यांना अंगणाच्या पलीकडच्या कडेला उभे केले, अक्काताईंना परातीच्या तोंडाकडे नव्हे तर बाजूला बसवले, आणि आपण स्वतः दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

तेल बाळाच्या अंगाला लावतात तेवढेच कोमट. पट्टी भिजली, थांब्याला गुंडाळली गेली. साडेबारा झाले. एक वाजला. दुसरी पट्टी. दीड. अंगणात कुणी खोकले तरी दहा माना वळत. अक्काताईंचे ओठ हलत होते, नाम चालले होते की सासऱ्यांशी बोलणे चालले होते, तेच जाणोत. दोनच्या सुमारास चांदीचा एक डोळा तेलावरून घसरत सुटला. त्यांनी तो पदराला पुसून बाजूला ठेवला. पुढे दुसरा.

मग कवच हलले. मुठीकडून आधी. बांबूची घासलेली काडी त्यांनी फटीत सरकवली, दाबली नाही, नुसती तेलाला वाट दिली. खाली काळेभोर पोलाद दिसले, आणि मारुतीराव आणखी जवळ सरकले. गंज नाही!

“ताई,” ते हळूच म्हणाले, “ह्यो शेंदूर म्हंजे शिशाचा. जहाजाच्या बुडाला गंज लागू नये म्हणून असलाच तांबडा रंग देत्यात. तुम्ही ऐंशी वर्सं ह्याला...” पुढचे बोलणे राहिले. कारण त्याच क्षणी, मागच्या टोकाला, कवचाचा एक तुकडा निखळला आणि आवाज आला.

कट्!

अंगणात दिपालीने तोंडावर हात दाबला. सौम्याबाई चौकटीला टेकल्या.

“हात हलवू नका,” मारुतीराव म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले. “श्वास घ्या. हात तिथंच. घोडा मोकळा झालाय, पडला न्हाय अजून. शेंदरानं धरून ठेवला होता त्यो.” त्यांनी चामड्याची पट्टी घेतली. अक्काताईंच्या बोटांखालून, बोटांना न ढकलता, ती घोडा आणि पोलाद यांच्या मध्ये सरकवली. अक्काताईंना आपल्या नखाजवळून ते चामडे जाताना जाणवले. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. तो परातीत पडू नये म्हणून त्यांनी मान वळवण्याचेही टाळले. मारुतीरावांनीच आपल्या बाहीने तो टिपला. “आता सोडा.”

त्यांनी हात सोडले. पण कवचाचा वरचा अर्धा भाग त्या हातांबरोबर अखंड उचलून आला होता, खालचा तुकडे होऊन वाळूत पडला.

तीन वाजून दहा मिनिटे. सौम्याबाईंचा फोन वाजला. पथक गावाजवळच्या किल्ल्यापाशी पोचले होते.

मारुतीराव भिंग घेऊन वाकले. नळीच्या वरचा भाग उघडा, अंग आखूड, घोडा बाहेर. “बेरेट्टा. इटलीचं. चौतीस सालचं मॉडेल.” एकेक अक्षर तेलातून वर येत होते. “साल अडतीस. आन् शेजारी रोमी आकड्यात सोळा. त्या वेळच्या त्यांच्या राजवटीनं आपलं येगळं साल चालू केल्तं, त्येचा सोळावा. मॅडम, लिहा.” सौम्याबाई लिहू लागल्या. “मुठीच्या वर मुकुट. मुकुटाखाली दोन अक्षरं. राजाच्या फौजेची खूण ही. ही बाजारात मिळणाऱ्या मालावर नसती.” भरमूची चुळबुळ थांबली. “आन् नंबर,” मारुतीराव थांबले, पुन्हा पुसले, “सहा आकडी. शेवटी चारशे बारा.”

मॅगझीन खाली ओढले. रिकामे. भावकूंनी सांगितले होते तसेच रिकामे.

आता नळी. मारुतीरावांनी वरचा सरकता भाग कापडात धरला आणि मागे खेचला. येईना. तेल सोडले, वाट पाहिली, पुन्हा खेचला. केसभर सरकला. रस्त्यावर गाडीचा आवाज आला, जवळ आला, पथकाचीच होती. गाडी दाराशी थांबली. मारुतीरावांनी वर पाहिले नाही. तिसऱ्यांदा खेचताच तो भाग गुळगुळीत मागे आला, आणि त्यांच्या उघड्या तळव्यावर पितळेची छोटीशी काळवंडलेली गोळी अलगद येऊन पडली.

पथकाचा अधिकारी दारात आला तेव्हा परातीत रिकामे पिस्तूल होते, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्याला भिंग होते. गोळीच्या बुडाशी, टोपीवर, एक बारीक गोल खळगा होता. किंचित तिरका.

“ठोकर बसलीया,” मारुतीराव म्हणाले. “हिच्यावर घोडा पडला होता. ही सुटली न्हाय.” त्यांनी भिंग पुढे केले. आधी साईराजने पाहिले. तो लहानपणापासून बापाचा लाजलेला चेहरा पाहत आला होता. आता त्याने खूप वेळ पाहिले, भिंग परत दिले, आणि पोत्यावर बसून राहिला.

गोळी पथकाला द्यावी लागली. ती माळावरच्या खड्ड्यात जाणार होती. म्हणजे भावकूंचे खरे सांगणारा तो खळगा त्या संध्याकाळनंतर जगात उरणार नव्हता. उरणार होता तो फक्त पंचनाम्यात.

सौम्याबाईंनी पंचनामा पुरा केला. भरमूने कागद डोळ्यांजवळ धरला. “मॅडम, सगळं कन्नडात. देवाला तरी वाचता येईल का?”

“देवाला येतंय, भरमू अण्णा. तुम्हालाच येत नाही.” शिपाई हसले. मग सौम्याबाईंनी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. हत्यार इटालियन फौजेचे. साल, मुकुट, नंबर. नळीत एक गोळी. गोळीच्या टोपीवर घोड्याची खूण, गोळी न सुटलेली. “हे मी समक्ष पाहिले, असं तुम्ही म्हणताय. बरोबर?”

भरमू अक्काताईंकडे पाहीना. “भिंग द्या जरा,” तो म्हणाला. त्याने पाहिले. पुन्हा पाहिले. मग ज्या बापाने चावडीवर चेष्टा केली होती त्याचे नाव मधोमध घालून, पूर्ण नावाची सही केली, आणि पेन ठेवताना पुटपुटला, “आमचा बा असता तर त्येलाबी दावलं असतं.”

“त्यो बगतोय की,” अक्काताई म्हणाल्या. “मामंजीबी बगत्यात. दोघं आता एकाच चावडीवर.”

पिस्तूल सीलबंद होऊन गेले. कोर्टाची तारीख पडली, पुन्हा पडली. अक्काताई दोनदा जाऊन उभ्या राहिल्या. पाच महिन्यांनी हुकूम झाला: नळी कायमची बंद करून हत्यार पलटणीच्या संग्रहालयाकडे सोपवावे, पंचनाम्याची प्रत सोबत ठेवावी. मारुतीरावांनी तिथल्या माणसांना बजावून सांगितले की तेलाचा पातळ हात वर्षातून दोनदा, जास्त नाही. काचेच्या पेटीत नंबर वर येईल असे ते ठेवलेले आहे.

पण त्या दिवशी जीप गेल्यावर परातीत एक वस्तू राहिली होती, ती कुणी मागितली नाही. शेंदराचे अर्धे कवच. रिवाजाप्रमाणे ते नदीत सोडायचे. दिपाली कापडात गुंडाळायला लागली, तेव्हा अक्काताईंनी ते तिच्या हातातून घेतले आणि पालथे केले. आतली बाजू गुळगुळीत होती. तिथे सहा आकडे उमटलेले होते, उलटे, पण एकही न पुसलेला.

“आत्ती, ह्ये नदीत न्हाय सोडायचं?”

“न्हाय गं.”

त्यांनी कवच देव्हाऱ्यात जुन्या जागी ठेवले, सुटलेले चांदीचे डोळे मेणाने पुन्हा बसवले. शेंदराच्या डबीला हात घातला, थबकल्या, आणि डबी झाकून वर फळीवर ठेवून दिली.